रोजचे शंभर परार्ध

भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’, आणि तिच्या सुरुवातीलाच संख्यांच्या स्थानांची नावे ओळीने दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र असे चढत चढत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सर्वांत शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्यापुढच्या स्थानाला नाव नाही. ही संख्या केवढी, ते असे पाहू. विश्वाचे वय 13.8 अब्ज वर्षे आहे. ते सेकंदांत मांडले तर चार परार्धांच्या थोडे वर भरते. विश्वाच्या पहिल्या क्षणापासून कोणी सेकंदाला एक अशा गतीने मोजत बसले असते, तर आज ते पाचव्या परार्धात असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या एका दिवसाच्या सांडपाण्यात साधारण शंभर परार्ध विषाणू असतात. त्यातले बहुतेक सगळे जिवाणूंवर जगणारे.

हिशेब अगदी सरळ आहे, कोणीही करून पाहावा. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती 5 लाख 6 हजार, अंबरनाथची 2 लाख 53 हजार आणि कुळगाव-बदलापूरची 1 लाख 74 हजार होती. एकूण 9 लाख 33 हजार. आज ती कितीतरी वाढली आहे, सकाळच्या गाडीला बदलापूरच्या फलाटावर उभे राहिले की ते कळतेच. पण रीतसर मोजलेला आकडा तोच, म्हणून तोच धरू. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण मानतात आणि त्यातले 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. गुणाकार केला की रोजचे सुमारे 10 कोटी लिटर होते. जगभर झालेल्या मोजण्यांनुसार सांडपाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे वीसेक थेंबांत, 10 कोटींच्या घरात विषाणूकण सापडतात. 10 कोटी लिटर म्हणजे 100 अब्ज मिलिलिटर. त्याला 10 कोटींनी गुणले की एकावर एकोणीस शून्ये. शंभर परार्ध. विश्वाच्या जन्मापासून जितके सेकंद उलटले त्याच्या वीसपट तरी विषाणू या तीन गावांच्या गटारांतून दर चोवीस तासांत वाहून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच.

वाचून कोणाला धास्ती वाटली असेल तर आधी ती दूर करतो. जिवाणूंवर जगणारे हे विषाणू माणसाला धरत नाहीत. त्यांचे नाव बॅक्टेरिओफेज, प्रयोगशाळेतल्या बोलण्यात नुसते फेज. प्रत्येक फेजचे ठरलेले जिवाणू असतात. त्या जिवाणूच्या अंगावर बसण्याची जागा ओळखणारे अवयव त्याच्याजवळ असतात आणि आपल्या पेशींवर ती जागाच नसते. कित्येकदा तर त्याला एकाच जातीच्या जिवाणूंतले ठरावीक वाणच चालतात, शेजारच्या वाणाला तो शिवतही नाही.

आकार समजायला आपली लोकल घेऊ. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू साधारण 2 मायक्रॉन लांब असतो. तो फुगवून 12 डब्यांच्या लोकलएवढा, 250 मीटर लांब झाला अशी कल्पना करा. त्याच प्रमाणात टी4 नावाचा फेज फुगवला तर त्याची लांबी 25 मीटर, म्हणजे सव्वा डबा भरेल. त्यात पुढे 15 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद असे पैलूदार डोके, मागे आखडणारी शेपूट आणि शेपटीच्या टोकाला पायांसारखे तंतू. त्या डोक्यात डीएनएचा एकच धागा कोंबून भरलेला असतो. त्याची अक्षरे 1,68,903. प्रत्यक्षात हा धागा 57 मायक्रॉनचा, पण आपल्या लोकलच्या मापात तो सात किलोमीटरच्या वर जातो आणि त्याची जाडी पाव मीटर होते. अंबरनाथ स्टेशन ते बदलापूर स्टेशन हे अंतर रेल्वेने आठ किलोमीटर आहे. जवळपास तेवढा लांब, पाव मीटर जाडीचा दोरखंड एका डब्यापेक्षाही आखूड डोक्यात बसवलेला आहे, आणि तोही गाठ न पडता. कारण जिवाणूवर बसल्यावर तो एका दमात बाहेर पडायला हवा.

हे भरण्याचे काम करणारी एक मोटर असते. फाय 29 या फेजच्या मोटरीचा जोर 2001 साली लेझरच्या किरणांनी धागा पकडून मोजण्यात आला. निसर्गातल्या रेणूंच्या मोटरींमध्ये ही फार जोरकस मोटर ठरली. भरून झालेल्या डोक्यातला दाब 60 वातावरणांच्या आसपास निघाला. समुद्रात 600 मीटर खोल गेले तर एवढा दाब लागतो. आकाराने एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असलेली ही कुपी तो दाब सहन करत महिनोन् महिने पाण्यात पडून राहते.

आणि मग जिवाणू भेटतो. टी4 ला पोषक पाण्यात, 37 अंशांवर, ई. कोलाय मिळाला की अर्ध्या तासाच्या आत जिवाणू फुटतो आणि शंभर-दोनशे नवे फेज बाहेर पडतात. शंभरच धरू. अर्ध्या तासात शंभर, तासाभरात दहा हजार, दोन तासांत दहा कोटी. एकटा फेज रात्री अकराला कामाला लागला आणि त्याला जिवाणू कधीच कमी पडले नाहीत, तर सकाळी सातच्या आत त्याची संतती एकावर एकतीस शून्ये इतकी होईल. पृथ्वीवरच्या सगळ्या फेजची जी एकूण संख्या शास्त्रज्ञ मांडतात, ती हीच आहे. सबंध ग्रहाचा साठा एका रात्रीत. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण जिवाणू संपतात, विखुरतात, बदलतात आणि उलट लढतातही.

एकावर एकतीस शून्ये. ‘लीलावती’च्या भाषेत एक जलधी परार्ध. दुर्बिणींच्या टप्प्यातल्या विश्वात तारे किती, याचे मोठ्यात मोठे अंदाज एकावर चोवीस शून्यांच्या आसपास थांबतात. तेव्हा प्रत्येक ताऱ्यामागे पृथ्वीवर एक कोटी फेज पडतात. एकेक फेज सरासरी 100 नॅनोमीटर धरून सगळे एका रांगेत उभे केले, तर रांग 10 कोटी प्रकाशवर्षे लांब होईल. शेजारची देवयानी दीर्घिका फक्त 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे.

पण तेच फेज रांगेत न लावता रचून ठेवले तर? प्रत्येकाला 100 नॅनोमीटर लांब-रुंद-उंच चौकोनी जागा दिली, तर सगळे मिळून 10 अब्ज घनमीटर होतात. बदलापूरजवळच्या बारवी धरणाची क्षमता उंची वाढवल्यावर सुमारे 340 दशलक्ष घनमीटर झाली आहे. म्हणजे पृथ्वीवरचे, समुद्रातले, मातीतले, आतड्यांतले, जमिनीखालच्या खडकांतले एकूण एक फेज तीस बारवी धरणांत मावतील. दहा कोटी प्रकाशवर्षे आणि तीस धरणे, ही दोन्ही एकाच गोष्टीची मापे आहेत. मला या सगळ्या विषयात याच्याइतके थक्क करणारे काही वाटत नाही. खुद्द बारवीचे पाणी घ्या. गोड्या पाण्यात मिलिलिटरला एक कोटी हा साधारण अंदाज धरला, तर भरलेल्या धरणात 34 हजार परार्ध फेज असतात. स्वच्छ पाण्यात फेज नसतात असा समज असेल तर तो काढून टाकावा. जिथे जिवाणू आहेत तिथे फेज आहेत, आणि जिवाणू नाहीत असे पाणी निसर्गात जवळजवळ नाहीच.

समुद्रात तर हे अखंड चालू आहे. सागरी विषाणूंच्या अभ्यासकांनी मांडलेला अंदाज असा, की जगातल्या समुद्रांत मिळून दर सेकंदाला दहा लाख परार्ध वेळा एखादा विषाणू एखाद्या पेशीत शिरतो. पृष्ठभागाजवळच्या जिवाणूंपैकी 20 ते 40 टक्के रोज विषाणूंच्या हातून मरतात. फुटलेल्या जिवाणूंतले कार्बन, नायट्रोजन, लोह पाण्यात मोकळे होते आणि उरलेल्यांचे अन्न बनते. ही मोडतोड थांबली तर समुद्राचे चक्रच वेगळे होईल. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचे वजन मांडणारा एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्व विषाणूंमधला कार्बन 20 कोटी टन आणि सर्व माणसांमधला 6 कोटी टन असा हिशेब निघाला. एवढे सूक्ष्म असूनही वजनात ते आपल्या तिप्पट आहेत.

आपल्या शरीराचा वाटाही यात आहे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी फेज गिळतात आणि न बिघडवता पलीकडे सोडतात, हे 2017 साली दाखवण्यात आले. त्या संशोधकांच्या अंदाजाने रोज 31 अब्ज फेज असे आतड्यातून शरीरात उतरतात. तुमच्या आणि माझ्याही. ते आत जाऊन नेमके काय करतात, यावर आता कुठे काम सुरू झाले आहे.

आता प्रश्न असा, की हे सगळे मोजले कसे? जुनी रीत आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत चालते आणि ती डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. वालधुनी नदीचे किंवा कुठल्याही नाल्याचे पाणी घ्यायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी अतिबारीक छिद्रांच्या गाळणीतून दाबून काढायचे. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. हे गाळलेले पाणी दिसायला नळाच्या पाण्यासारखे नितळ असते. त्याचा अगदी थोडा अंश ई. कोलायच्या ताज्या वाढीत मिसळायचा, ते मिश्रण आगार नावाच्या पातळ, कोमट जेलीत टाकायचे आणि प्लेटवर ओतायचे. रात्रभर 37 अंशांवर ठेवले की सकाळी प्लेटवर जिवाणूंचा दुधाळ थर पसरलेला असतो, आणि त्या थरात गोल, स्वच्छ, आरपार दिसणारी भोके पडलेली असतात. काही टाचणीच्या डोक्याएवढी, काही मुगाच्या दाण्याएवढी, काहींच्या कडेला पुसट वलय. एकेक भोक म्हणजे आदल्या संध्याकाळी तिथे पडलेला एकेक फेज. आता तिथे त्याची लाखो-कोटी पिल्ले आहेत. पहिल्यांदा ही प्लेट उजेडासमोर धरणारा विद्यार्थी ती विसरत नाही.

या रीतीने कच्च्या सांडपाण्यात ई. कोलायवरचे फेज मिलिलिटरला हजार ते दहा हजार भरतात. वर मी सांगितलेला आकडा 10 कोटींचा होता. फरक दहा हजार पटींचा, किंवा त्याहून जास्त. अनेक वर्षे शास्त्रज्ञ असेच मोजत राहिले आणि निसर्गात विषाणू तसे थोडेच आहेत, असे मानत राहिले. 1989 साली नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या चमूने वेगळे केले. प्रदूषण नसलेले पाणी घेतले, वेगाने फिरवून त्यातले कण जाळीवर बसवले आणि थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. मिलिलिटरमागे 25 कोटींपर्यंत विषाणू निघाले. आधीच्या अंदाजांच्या हजारपट ते कोटीपट. ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या छोट्या लेखाने जीवसृष्टीची जनगणनाच उलटीपालटी केली.

फरकाचे कारण साधे आहे. प्लेटवर आपण एकाच जिवाणूचे पान वाढतो, आणि जेवायला येतात ते फक्त त्याच जिवाणूचे फेज. बाकीचे कोटी कोटी कोणाला खातात? बहुतेकांचे जिवाणू आपल्याला प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत. 2014 साली एक विलक्षण गोष्ट घडली. माणसांच्या विष्ठेतून वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांची संगणकावर जुळणी करताना सुमारे 97 हजार अक्षरांचा एक फेज जुळून आला. जगभरच्या बहुसंख्य नमुन्यांत तो होता आणि तोवर तो कोणीही पाहिलेला नव्हता. त्याला क्रॅसफेज म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या कुळातला पहिला फेज हाती यायला 2018 उजाडले. 2019 साली बांगलादेशातल्या लाक्साम उपजिल्ह्यातल्या माणसांच्या आतड्यांत 5 लाख 40 हजार अक्षरांचे महाफेज सापडले. त्यांना गावावरूनच ‘लाक’ असे नाव पडले. पुढच्याच वर्षी 7 लाख 35 हजार अक्षरांचा फेज जाहीर झाला. दुसऱ्या टोकाला एमएस 2 आहे. त्याची अक्षरे 3,569 आणि जनुके फक्त चार. 1976 साली वॉल्टर फियर्स यांच्या बेल्जियममधल्या प्रयोगशाळेने त्याची सगळी अक्षरे वाचून काढली. कोणत्याही विषाणूचा जनुकसंच अक्षर न् अक्षर पूर्ण वाचला गेला तो हा पहिला. त्याच्यात आणि त्या सर्वांत मोठ्या फेजमध्ये दोनशेपटींचे अंतर आहे.

एवढ्यांची वर्गवारी लावायची कशी? कॅनडातले हान्स-वोल्फगांग आकरमान यांनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखालच्या फेजची नोंद ठेवली. 2007 साली त्यांनी मांडलेल्या यादीत साडेपाच हजारांवर फेज होते आणि त्यातले 96 टक्के शेपटीवाले. कुळेही पूर्वीपासून शेपटीवरूनच पाडलेली होती: लांब आणि आखडणारी शेपूट ते मायोव्हिरिडी, लांब पण न आखडणारी ते सायफोव्हिरिडी, आखूड ते पोडोव्हिरिडी. तिन्ही मिळून कॉडोव्हिरालेस हा गण. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी हे पाठ केले. पण जनुके वाचायला लागल्यावर उलटेच दिसले. सारखी शेपूट असलेल्या दोन फेजमध्ये एकही जनुक समान नाही, आणि वेगळी शेपूट असलेले दोघे जवळचे भाऊबंद. फेज एकमेकांची जनुके सर्रास उचलतात, त्यामुळे त्यांची वंशावळ झाडासारखी न राहता जाळ्यासारखी होते. शेवटी विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2022 साली ती तिन्ही कुळे आणि तो गण रद्द केला. टी4 आता स्ट्राबोव्हिरिडी या कुळात आहे. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. शेपटीची वर्णने चित्र काढायला हवीतच, पण नाते ठरवायला ती कामाची नव्हती. या समितीने मान्य केलेल्या सगळ्या विषाणूंच्या प्रजाती, माणसाचे, भाताचे, कोंबड्यांचे सगळे धरून, पंधरा हजारांच्या वर आहेत. शेजारी एकावर एकतीस शून्ये ठेवून पाहा, म्हणजे कामाचा आरंभही अजून नीट झालेला नाही हे लक्षात येईल.

या विषयाचा एक धागा आपल्या देशातून जातो. 1896 साली आग्र्याला रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असे फ्रेंच नियतकालिकात लिहिले. त्यांनी पाहिले ते फेजचेच काम होते का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. फेजचा शोध रीतसर लागला तो 1915 साली फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना आणि 1917 साली फेलिक्स देरेल यांना. बॅक्टेरिओफेज हे नाव देरेल यांचे. हे देरेल 1927 साली हिंदुस्थानात आले. कॉलऱ्याच्या रुग्णांना त्यांनी फेज पाजले, गावातल्या विहिरींत फेज ओतले. त्यांच्या मागोमाग सरकारी चौकशी आणि चाचण्या 1936 पर्यंत चालल्या. पुढे प्रतिजैविके आली आणि इथले काम मागे पडले. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या एका संस्थेत मात्र ते कधीच थांबले नाही.

फेजची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉलऱ्यात माणूस जुलाबांनी कोरडा पडतो तो जंतूच्या विषामुळे, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी 1959 साली दाखवले. त्या विषाचे जनुक जंतूचे स्वतःचे नाहीच, ते एका फेजने त्याच्यात आणून बसवलेले आहे, हे 1996 साली कळले. घटसर्पाच्या विषाचेही तेच. एक फेज कॉलऱ्याच्या जंतूला मारतो आणि दुसराच त्याला मारेकरी बनवतो. म्हणून ‘चांगले विषाणू’ असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. कोणता फेज, कोणत्या जिवाणूवर, हे पाहिल्याशिवाय त्याला औषध म्हणता येत नाही.

पाहिले तर काय होते, याचे उदाहरण लंडनचे आहे. फुप्फुसे बदललेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला कुठल्याच प्रतिजैविकाला न जुमानणारा संसर्ग झाला होता. 2018 साली तिला तीन फेजचे मिश्रण देण्यात आले आणि ती सावरली. त्यातला ‘मडी’ नावाचा फेज दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना एका कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. अमेरिकेत ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकाराने महाविद्यालयांतली पहिल्या वर्षाची मुले माती खणतात, फेज वेगळा करतात, त्याला नाव देतात, त्याची जनुके वाचतात. क्षयाच्या जंतूच्या नातलगांवरचे दहा हजारांहून जास्त फेज अशा विद्यार्थ्यांनी गोळा केले आहेत. त्या साठ्यातूनच मडी निघाला. 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट 12 लाख 70 हजार माणसे गेली. त्या जिवाणूंचा वैरी शोधायचा तर तो जिथे असे जिवाणू दाटलेले असतात तिथे शोधतात, म्हणजे सांडपाण्यात, आणि रुग्णालयाच्या सांडपाण्यात विशेष.

अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे, ‘लीलावती’च्याही नव्वद वर्षे आधीचे. त्याच्या पायाशी वालधुनी वाहते आणि पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. तिच्याबद्दल आपण बोलतो ते फक्त दुर्गंधीचे आणि रसायनांचे. ते बोललेच पाहिजे, नदी स्वच्छ झालीच पाहिजे. पण तिच्यात रोज काय काय सोडले जाते याची जिवंत नोंदही त्याच पाण्यात आहे. ई. कोलायवरचे कित्येक फेज आतड्यातूनच पाण्यात येतात. त्यामुळे पिण्याच्या पाण्यात ते सापडले तर मैला मिसळल्याची शंका घ्यावी लागते. साधी कोलिफॉर्मची तपासणी निर्दोष आली तरी विषाणू शिल्लक असू शकतात, कारण क्लोरिनने जिवाणू लवकर मरतात आणि काही विषाणू तग धरतात. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या 2012 च्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, एमएस 2 फेजचा नावानिशी उल्लेख आहे. एक लिटर पाण्यात तो सापडता कामा नये.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. या तिन्ही शहरांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी दर वर्षी एका तरी वर्गाला नाल्याचे पाणी, ई. कोलाय आणि आगार देऊन फेज शोधायला लावावे. लागणारे साहित्य बहुतेक प्रयोगशाळांत आहेच, आणि सापडलेल्या फेजला नाव त्या मुलांनीच द्यावे. बाकीच्यांनी आपल्या सोसायटीच्या किंवा नगरपालिकेच्या पाणी तपासणीचा अहवाल मागून घ्यावा आणि त्यात एमएस 2 ची ओळ आहे का ते पाहावे. नसेल तर ती तपासणी लेखी अर्ज करून मागावी.